घरात परवान्याची बंदूक असेल तर: अर्जापासून वारसापर्यंत

वडील गेले तेव्हा घरात त्यांची दोन नळ्यांची बारा बोअर बंदूक होती. तेराव्यापर्यंत कुणालाच तिची आठवण झाली नाही. सातबारा, पासबुकं, विम्याचे कागद सगळं बाहेर काढून झालं आणि मग आईने कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे बोट दाखवलं, "यांच्या बंदुकीचं काय करायचं?" आम्हा भावंडांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. बघू, करू म्हणत आणखी महिना गेला. शेवटी मी पोलीस ठाण्यात गेले. टेबलामागच्या हवालदारांनी विचारलं, "ताई, परवाना कुणाच्या नावावर?"

"वडिलांच्या. ते गेले, दीड महिना झाला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग दीड महिना ती बंदूक कुणाच्या परवान्यावर घरात होती?"

शस्त्रांच्या कायद्यातलं बहुतेक सगळं या एका प्रश्नात येतं. घर, शेत, दागिने मालकीने आपल्याकडे राहतात. बंदूक विकत घेतलेली असली, वारसाने आलेली असली, तरी ती घरात राहते ती परवान्यावर. तो संपला, रद्द झाला किंवा ज्याच्या नावावर होता तो माणूस गेला, की त्या क्षणापासून तीच बंदूक बेकायदा ठरते. तेव्हापासून मी हा कायदा नीट वाचला, दोन वर्षं कार्यालयांच्या पायऱ्या चढले. त्या अनुभवातून हे लिहिते आहे. विशेषतः गावाकडच्या त्या घरांसाठी, जिथे शेतीसंरक्षणाचा जुना परवाना आहे आणि त्याच्या तारखा फक्त एका म्हाताऱ्या माणसाला माहीत आहेत.

मुळात हक्क कसला आहे?

आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. घटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे तोसुद्धा 'शांततेने आणि विनाशस्त्र'. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो घटनेत यावा म्हणून दुरुस्तीही मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. त्यामुळे आज जे काही आहे ते कायद्याने दिलेलं आहे: शस्त्र अधिनियम १९५९, त्याखालचे शस्त्र नियम २०१६ आणि डिसेंबर २०१९ ची मोठी दुरुस्ती.

म्हणून परवानाधारक अगदीच हतबल आहे असं मात्र नाही. अर्जावर निर्णय मिळणं, नकाराचं कारण लेखी मिळणं, त्यावर अपील करणं, जमा केलेलं शस्त्र पात्र झाल्यावर परत घेणं किंवा विकून त्याचे पैसे घेणं, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. आपल्यातले बरेच जण ते मागतच नाहीत, कारण ते आहे हेच माहीत नसतं.

पहिली पायरी: शस्त्र कोणत्या वर्गातलं?

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप. बोलीभाषेत पीबी आणि एनपीबी, म्हणजे प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. स्वयंचलित शस्त्रं, म्हणजे घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ती, प्रतिबंधित आहेत. सैन्य आणि पोलिसांच्या काडतुसांची बरीच शस्त्रंही त्यात येतात. सामान्य नागरिकाच्या घरात दिसतात ती बारा बोअर, .३१५ ची रायफल, .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .२२ ची रायफल आणि ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक.

हा फरक अर्जात कामाला येतो. कलम १३ नुसार किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, किंवा ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितली, तर नकाराचं काही कारण नसल्यास अधिकाऱ्याने परवाना द्यायचा आहे. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी मात्र तुमच्याकडे योग्य कारण आहे याबद्दल त्याचं समाधान व्हावं लागतं. गरज शेताची असताना केवळ रुबाबासाठी रिव्हॉल्व्हर मागणारे वर्षानुवर्षं फाइलमागे फिरताना मी पाहिले आहेत.

छर्ऱ्याची एअर रायफल .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या मर्यादेत असेल तर परवाना लागत नाही. त्याहून ताकदवान असेल तर लागतो. देव्हाऱ्याजवळ टांगलेल्या जुन्या तलवारींबाबतही बेफिकीर राहू नका. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं कायद्याच्या यादीत आहेत, आणि ज्या भागात सरकारची अधिसूचना लागू असेल तिथे त्यांनाही परवाना लागतो. घरातल्या आणि शेतीच्या हत्यारांना यातून सूट आहे.

दुसरी पायरी: अर्ज

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकारी. जिल्हाधिकारी कार्यालयात गेलात तर गृह शाखा विचारा. अर्ज नमुना ए-१ मध्ये असतो. वय किमान २१ पूर्ण हवं. ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे पुरावे, फोटो, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा आणि व्यसनाधीन नसल्याचा डॉक्टरांचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, इतकं लागतं. प्रशिक्षणाकडे नुसता कागद म्हणून बघू नका. भरलेली बंदूक आणि रिकामी बंदूक बाहेरून सारखीच दिसते, हे तिथे पहिल्या तासात शिकवतात. आमच्या घरात ते तीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

सगळ्यात जास्त मेहनत कारण लिहिण्यावर घ्या. 'जिवाला धोका आहे' एवढं एक वाक्य कुणालाच पटत नाही. धमकी आली असेल तर तारीख आणि तक्रारीची पोच जोडा. रोकड घेऊन फिरावं लागत असेल तर व्यवसायाचे कागद जोडा. शेतासाठी मागत असाल तर गट नंबर, पिकं, आणि पीक नुकसानीचे वन विभागाने केलेले पंचनामे असतील तर तेही. २०१६ च्या नियमांत व्यवसायामुळे किंवा अन्य कारणाने संरक्षणाची खरी गरज असलेले लोक, सक्रिय नेमबाज, तसंच सैन्य-पोलीस सेवेतले आजी-माजी लोक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर तसं अर्जात म्हणा. एखादा गुन्हा दाखल असेल तर लपवू नका. पोलीस अहवालात तो येतोच, आणि मग खोटी माहिती दिल्याचं आणखी एक कारण तयार होतं.

अभयारण्याजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही. जुने परवानाधारक असतील तर त्यांनाही आपलं नाव वन विभागाकडे नोंदवावं लागतं. ताडोबा, मेळघाट, राधानगरीच्या आसपासच्या कितीतरी शेतकऱ्यांच्या फाइली याच कारणाने थांबतात, आणि त्यांना वाटतं साहेब मुद्दाम अडवतात.

तिसरी पायरी: चौकशी, आणि नकार आला तर

अर्जाची पोच घ्या. पोलीस ठाण्याने ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मुदतीत आला नाही तर त्याची वाट न बघता निर्णय घेण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याला आहे, आणि पोलीस अहवाल आल्यावर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. फाइल हलत नसेल तर नुसते हेलपाटे घालू नका. ही मुदत नमूद करून स्मरणपत्र द्या आणि प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. तोंडी विचारणा फाइलमध्ये दिसत नाही.

नकार देताना कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि मागितल्यावर त्यांचं थोडक्यात निवेदन द्यावं लागतं. सार्वजनिक हिताला बाध येईल असं वाटलं तरच ते नाकारता येतं. 'तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही' एवढ्यावर परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. गरिबाच्या शेतातलं पीकही पीकच असतं, ही कायद्याची भूमिका मला फार मोलाची वाटते.

अपील कलम १८ खाली. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाच्या गृह विभागाकडे. मुदत ३० दिवस. आदेश हातात पडला ती तारीख त्याच कागदावर लिहून ठेवा. अपिलात गरजेचं गाऱ्हाणं पुन्हा गाण्यापेक्षा आदेशातलं प्रत्येक कारण घ्या आणि त्याला कागदाने उत्तर द्या. 'पोलीस अहवाल प्रतिकूल' एवढंच लिहिलं असेल, तर प्रतिकूल कशामुळे हे आदेशात नाही, हाच तुमचा पहिला मुद्दा.

चौथी पायरी: परवाना हातात आल्यावर तो वाचा

हसू नका, वडिलांनी त्यांचा परवाना कधी पूर्ण वाचला असेल असं मला वाटत नाही. त्यावर युआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतला तुमचा क्रमांक असतो. जुन्या परवान्यावर तो नसेल तर तो परवाना आज वैध धरला जात नाही. युआयएन घेण्याची मुदत २०२० मध्येच संपली. असा परवाना घरात सापडला तर लपवून न ठेवता शस्त्रासह गृह शाखेत जाऊन मार्ग विचारा.

त्यानंतर बघायची ती शस्त्राची नोंद. प्रकार, बोअर, क्रमांक. हा क्रमांक प्रत्यक्ष नळीवरच्या आणि बॉडीवरच्या आकड्यांशी एकेक अक्षर जुळवून पाहा. आमच्या परवान्यावर एक ३ चा ८ झाला होता. वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ती दुरुस्ती करायला मला चार महिने लागले. क्रमांक खरवडलेला किंवा पुसलेला असेल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. शस्त्र कुठल्या भागात वैध आहे आणि एका वेळी व वर्षाला किती काडतुसं घेता येतात, हेही परवान्यावरच असतं. त्या आकड्याबाहेरचं एकही काडतूस घरात ठेवू नका. बाबांच्या वेळची पितळेची हिरवट पडलेली काडतुसं डब्यात सापडतात, तीही मोजणीत येतात. ती स्वतः फोडून दारू काढायच्या भानगडीत कुणी पडू नये. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे नेऊन द्या.

एका माणसाकडे किती शस्त्रं? २०१९ पर्यंत तीन चालत. आता दोन. वारसाने आलेलं धरूनही दोनच. परवान्याची मुदत तेव्हाच तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. नळी कापून आखूड करणं, खेळण्यातल्या पिस्तुलात बदल करून ते चालतं करणं हे स्वतंत्र परवान्याशिवाय गंभीर गुन्हे आहेत. गावातल्या लोहाराकडून 'जरा दुरुस्ती' करून घेतानाही ही रेषा सांभाळा.

पाचवी पायरी: घरात ठेवणं

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण कायद्याच्या शिक्षेपेक्षा मोठं नुकसान इथे होतं.

दोन नळ्यांची बंदूक रिकामी आहे की नाही हे बघायला डोळे आणि बोट दोन्ही लागतात. नळीचं तोंड मोकळ्या, सुरक्षित दिशेला, बोट घोड्यापासून लांब. वरची कळ अंगठ्याने बाजूला सारली की नळ्या बिजागरीवर झुकतात आणि मागची दोन भोकं उघडी पडतात. दोन्ही भोकांत बोट घालून बघायचं. मग नळ्यांमधून उजेड बघायचा. दोन स्वच्छ, चमकणारी वर्तुळं दिसली म्हणजे ती रिकामी. 'मी कालच बघितली होती' हे कधीच पुरेसं नाही. दुसऱ्याच्या हातातून घेताना प्रत्येक वेळी उघडूनच घ्यायची, मग देणारा सख्खा भाऊ का असेना.

बंदूक कुलपाच्या लोखंडी कपाटात, रिकामी. काडतुसं दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत. किल्ल्या एका जुडग्यात नकोत. बारा बोअरच्या नळ्या दस्त्यापासून वेगळ्या होतात, त्या तशाच वेगळ्या ठेवलेल्या उत्तम. भिंतीवर खुंटीला टांगलेली बंदूक फोटोत छान दिसते. घरात आठ वर्षांचं पोर असेल तर तिथे ती एक दिवसही नको. पावसाळ्यात महिन्यातून एकदा नळीतून तेलाचा कापडी बोळा फिरवा, आणि त्याच वेळी काडतुसं मोजा.

आणखी एक, आणि हे मनापासून सांगते. घरात कुणी खचलेलं असेल, दारूच्या आहारी गेलं असेल, कर्जाने किंवा भांडणाने मन ठिकाणावर नसेल, तर बंदूक त्या घरातून बाहेर काढा. परवानाधारक स्वतःच तसा असेल तर घरच्यांनी पुढाकार घ्यावा. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र जमा करता येतं, पावती मिळते, दिवस निवळल्यावर ते परत आणता येतं. यात कुणाचीही अब्रू जात नाही. वाईट क्षण बहुतेकदा थोडा वेळ टिकतो. त्या वेळात हाताशी काय आहे त्यावर माणूस वाचतो की जातो, हे अवलंबून असतं.

शस्त्र चोरीला गेलं किंवा हरवलं तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा आणि परवाना अधिकाऱ्यालाही लेखी द्या. 'सापडेल कुठेतरी' म्हणून घालवलेले चार दिवस पुढे तुमच्याच विरुद्ध उभे राहतात.

सहावी पायरी: बाहेर नेणं आणि वापरणं

सार्वजनिक जागी शस्त्र पूर्ण झाकलेलं हवं. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, बंदूक तिच्या कव्हरमध्ये, आणि सतत तुमच्या ताब्यात. मूळ परवाना सोबत. पोलिसांनी मागितला तर दाखवणं बंधनकारक आहे. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला शस्त्र दुसऱ्या कुणाकरवी न्यायचं असेल तर त्याच्याकडे तुमचं लेखी अधिकारपत्र द्या. मुक्काम बदलून तीस दिवसांहून जास्त काळ दुसऱ्या हद्दीत शस्त्रासह राहणार असाल तर तीस दिवसांच्या आत तिथल्या परवाना अधिकाऱ्याला कळवावं लागतं. विमानप्रवासात शस्त्र हातातल्या सामानात चालत नाही. विमान कंपनीला आधी विचारा, रिकामं करून, जाहीर करून सामानात सोपवा.

लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत, दसऱ्याला, वाढदिवसाला हवेत बार काढणं. २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. शिवाय परवाना जातो तो वेगळाच. वर उडालेली गोळी खाली येते, आणि ती कुणाच्या अंगणात पडेल हे बार काढणाऱ्याला सांगता येत नाही.

स्वसंरक्षणाबद्दल गैरसमज फार आहेत. परवाना म्हणजे चोर दिसला की झाडायची मुभा, असं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे, आणि बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, ही त्याची मर्यादा आहे. पळून चाललेल्या चोराच्या पाठीवर झाडलेली गोळी बचाव म्हणून पटवणं फार अवघड जातं. शेतासाठीच्या परवान्याचंही तसंच. त्याने रानडुकराच्या शिकारीची परवानगी मिळत नाही, ती वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते. जनावरं पळवायला हवेत आवाज काढायचा, तोही वस्तीपासून लांब आणि परवान्याच्या अटींत बसत असेल तरच.

निवडणूक आली की

आचारसंहिता लागली की गावोगाव शस्त्रं जमा करा असे निरोप येतात. अनेकांना वाटतं प्रत्येकाने जमा करणं सक्तीचं आहे. तसं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर आलेल्या एका प्रकरणानंतर, २००९ मध्ये, निवडणूक आयोगाच्या सूचनांना स्पष्ट रूप आलं. छाननी समितीने परवानाधारकांची प्रकरणं एकेक तपासायची, आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत सामील असलेले, अशांकडे प्राधान्याने बघायचं. सरसकट सगळ्यांना एकच हुकूम, हे अपेक्षित नाही.

तुम्हाला नोटीस आली आणि खरोखर अडचण असेल, उदाहरणार्थ तुम्ही बँकेचे सुरक्षारक्षक आहात, स्पर्धेत उतरणारे नेमबाज आहात किंवा धमकीचं प्रकरण चालू आहे, तर लगेच समितीकडे लेखी विनंती करा. मात्र निर्णय येईपर्यंत नोटीस मोडू नका. आधी जमा करा, मग भांडा. निकालानंतर साधारण आठवड्याने शस्त्रं परत मिळतात. ती आपणहून घरी येत नाहीत, पावती घेऊन जावं लागतं.

आणि आता पावतीबद्दल. आमची बारा बोअर मी जमा केली तेव्हा मला मिळालेल्या चिठ्ठीवर फक्त 'बंदूक एक नग' असं लिहिलं होतं. अकरा महिन्यांनी ती परत मिळाली तेव्हा नळीवर गंज होता आणि दस्त्याला भेग. आधीची अवस्था दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून जमा करताना पावतीवर प्रकार, बोअर, क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची अवस्था लिहून घ्या. तारीख, सही, शिक्का. आदल्या दिवशी घरीच सगळ्या बाजूंनी फोटो काढा, क्रमांकाचा जवळून घ्या. नळीत तेल फिरवून, कव्हरमध्ये घालूनच द्या. मुद्देमालाच्या खोलीत तिच्याकडे कुणी बघायला येत नाही.

नूतनीकरण, निलंबन, विक्री

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी द्या आणि पोच परवान्याला टाचून ठेवा. मुदत उलटली आणि नूतनीकरण झालेलं नसेल तर शस्त्र विनाविलंब जमा करायचं. घरात ठेवून 'प्रोसेस चालू आहे' म्हणणं चालत नाही.

परवाना निलंबित किंवा रद्द करायला कलम १७ मध्ये ठराविक कारणं आहेत: अटींचा भंग, माहिती दडवणं, धारक अयोग्य ठरणं, सार्वजनिक शांतता आणि सुरक्षितता. इथेही कारणं लेखी हवीत, इथेही अपील आहे. कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या. बहुतेकांची बाजू हरते ती नोटिशीला उत्तरच न दिल्यामुळे.

विकायचं असेल तर दोन रस्ते. परवानाधारक विक्रेत्याला विका, किंवा ज्याच्याकडे तशा शस्त्राचा वैध परवाना आहे अशा व्यक्तीला. दुसऱ्या रस्त्यात घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, आणि त्यानंतर ४५ दिवस उलटल्यावरच शस्त्र द्यायचं. भाऊबंदकीतही हेच. 'पुतण्याला दिली' असं तोंडी हस्तांतर म्हणजे दोघांवरही गुन्हा.

शेवटची पायरी: धारक गेल्यावर

परवाना व्यक्तिगत असतो, तो माणसाबरोबर जातो. म्हणून सगळ्यात आधी शस्त्र आणि काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. दिवसकार्य होईपर्यंत थांबायचंच असेल तरी निदान ठाण्यात कळवून ठेवा. आम्ही केलेली चूक करू नका. जमा करताना मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना सोबत न्या, परवान्याच्या झेरॉक्स आधीच काढून ठेवा.

त्यानंतर घरात बसून ठरवा: ती कुणाला हवी आहे का? वारसाला आपल्या नावावर परवाना मागता येतो, पण त्याला नव्या अर्जदाराइतकीच पात्रता लागते. वय, दाखला, प्रशिक्षण, पोलीस अहवाल, सगळं. बाकी वारसांची ना-हरकत मागतात. कार्यालयात मला दोनदा विचारलं गेलं, "भावाच्या नावावर का नाही करत?" कायद्यात 'वारस' म्हटलं आहे, मुलगा म्हटलेलं नाही. मुलगी, पत्नी, सून यांनी तेवढं सांगून अर्ज पुढे सरकवावा.

धारक हयात असतानाही हे करता येतं, आणि तेच जास्त सोपं. वयाची ७० वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र २५ वर्षं जवळ असलं, तर धारक स्वतः वारस सुचवू शकतो. बाबा ७४ वर्षांचे होते. आम्हाला माहीत असतं तर एका अर्जात झालं असतं.

कुणालाच नको असेल तर विकण्याची परवानगी मागा. जमा शस्त्रावर मृताच्या वारसांचा हक्क राहतो. ठरलेल्या मुदतीत पात्र होऊन ते परत घेता येतं किंवा विकून पैसे घेता येतात. ती मुदत कुणी विसरलं तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं. पण त्याआधी लेखी नोटीस आणि उत्तरासाठी ३० दिवस द्यावे लागतात. नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत येते आणि घरच्यांना कळतही नाही, असं होतं. म्हणून जमा करतानाच आपला आत्ताचा पत्ता आणि फोन नंबर पावतीवर लिहून घ्या. अगदीच जुनं, दुरुस्त करूनही न चालणारं शस्त्र कलम ४५ खाली सुटू शकतं, पण ते 'चालत नाही' हे आपण ठरवायचं नसतं. अधिकाऱ्याकडून तसं लेखी घ्या, मगच ते भिंतीवर लावा.

आमची बारा बोअर आता माझ्या नावावर आहे. तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक प्लॅस्टिकचं पाकीट चिकटवलं आहे. त्यात परवान्याची झेरॉक्स, शस्त्राच्या क्रमांकाचा फोटो, काडतुसांची मोजणी लिहिलेला कागद आणि ठाण्याचा फोन नंबर आहे. सगळ्यात वर मुदत संपण्याची तारीख मोठ्या अक्षरांत, आणि तिच्याखाली आईने तिच्या हाताने लिहिलं आहे: 'मला काही झालं तर नाही, माझ्या मुलीला काही झालं तर आधी ही बंदूक ठाण्यात न्यावी.'